डोळा बसवला, मग दिसत का नाही?

चंदगड तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. अक्षर शाळकरी मुलीचे, बोलणे तिच्या आईचे. वहीची दोन पाने पाठपोट भरलेली. पत्र छापू नका, पण उत्तर सदरातच द्या म्हणजे आमच्यासारख्या इतरांनाही कळेल, असे बाईंनी शेवटी लिहिले आहे. म्हणून मजकूर आमच्या शब्दांत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही.

बाईंचा थोरला मुलगा आज बावीस वर्षांचा आहे. सहावीत असताना खेळताना विटी उडून त्याच्या डोळ्यावर बसली. तालुक्याच्या गावी नेले, तिथून पुढे पाठवले, टाके घातले, पण नजर वाचली नाही. पुढे तो डोळा वर्षागणिक बारीक होत गेला, पांढरा पडला आणि अलीकडे दुखूही लागला. गेल्या वर्षी शहरातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झाले आणि दोन महिन्यांनी डोळा बसवला. त्यासाठी बाईंनी कानातली फुले मोडली. आता त्या विचारतात, डोळा बसवला मग पोराला त्या डोळ्याने दिसत का नाही? आम्ही अडाणी म्हणून आम्हाला फसवले का? तक्रार कोणाकडे करायची?

शेवटचा प्रश्न वाचून आम्ही तक्रारीचा मसुदा लिहायला बसलोही होतो. पण पत्रात एक वाक्य असे होते की हात थांबला. बाईंनी लिहिले होते, ‘पोरगा मात्र काही बोलत नाही, तो खुशीत आहे.’ ज्याचा डोळा तो खुशीत आणि आई रडते, हे काय आहे? पत्राने ते उलगडणार नव्हते. आम्ही एस.टी. धरली.

चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचे दक्षिणेचे टोक. एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला आंबोलीचा घाट आणि पलीकडे कोकण-गोवा. पाऊस असा की छत्री उघडून उपयोग नाही. भात, ऊस, नाचणी आणि काजू. शेत थोडे, मजुरी फार. बाई काजूच्या कारखान्यात टरफल फोडायला जातात. काजूच्या टरफलातले तेल हाताला लागले की कातडी जळते, म्हणून हाताला राख नाहीतर गोडे तेल लावून बसायचे. बाईंच्या बोटांची टोके काळी पडली आहेत. मुलगा शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर आहे.

घरात शिरलो तेव्हा तोच पुढे आला, जयभीम म्हणाला, पाणी दिले. आम्ही त्याच्याशी बोलत होतो आणि खरे सांगायचे तर त्याचा कोणता डोळा बसवलेला आहे हे आम्हाला पहिली पाच-दहा मिनिटे कळले नाही. मग त्याने खिडकीकडे एकदम पाहिले तेव्हा एक बुबुळ पुरते वळले आणि दुसरे थोडे मागे राहिले. उजवा, आम्ही मनात म्हटले.

‘दवाखान्याचे कागद दाखवा,’ असे म्हटल्यावर बाईंनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. कागद सगळे जपून ठेवलेले. सगळे इंग्रजीत. आम्ही वाचले आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. डोळ्यात नजर नाही, उजेडही कळत नाही. डोळा दुखतो. दुखणे थांबावे आणि चेहरा नीट दिसावा म्हणून आतला भाग काढून गोळी बसवण्याचे ठरले. नजर येणार नाही, हे रुग्णाला व आईला समजावून सांगितले. खाली डॉक्टरांची सही आणि बाईंची सही. बाई सही करतात, अंगठा लावत नाहीत. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात त्या सही शिकल्या.

‘हे असं लिवलंय व्हय त्यात?’ बाईंनी विचारले. मग बराच वेळ त्या बोलल्या नाहीत.

दवाखान्याने फसवले नव्हते. ऑपरेशन करायलाच हवे होते आणि चांगले झाले होते. पण ‘समजावून सांगितले’ असे जे कागदावर आहे, ते घडले कसे? बाईंनी सांगितले तसे लिहितो. ‘दारात रांग. आत गेलो तर डॉक्टर दुसऱ्याचा डोळा बघत बघत बोलले. मग नर्सबाई म्हणाली, आता हा खराब डोळा काढायचा आन् दुसरा बसवायचा, पोरगा झकास दिसंल, करा सही. मी सही केली. दुसरा बसवणार म्हटल्यावर मला काय वाटंल? दात बसवला की चावता येतं. डोळा बसवला की दिसणार, आसंच मला वाटलं.’

नर्सबाई म्हणाल्या, ‘झकास दिसेल.’ पोरगा दिसेल हा त्यांचा अर्थ. पोराला दिसेल हा आईने घेतलेला अर्थ. मराठीतले एक क्रियापद दोन्हीकडे चालते आणि त्यात एका बाईच्या कानातली फुले गेली. रांग मोठी होती, डॉक्टर एक होते, हे आम्हाला मान्य आहे. पण ‘तुम्हाला काय समजले ते मला उलट सांगा’ एवढे विचारायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट गरिबाच्या वाट्याला का येत नाही, हा आमचा आक्षेप आहे आणि तो आम्ही मागे घेणार नाही.

आता बाईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. डोळा हा फोटो काढण्याच्या यंत्रासारखा असतो असे शाळेत शिकवतात. त्यात एक गोष्ट राहून जाते. या यंत्राची तार मागे मेंदूत गेलेली असते. एकेका डोळ्यातून दहा लाखांच्या आसपास बारीक तंतू निघून मेंदूकडे जातात. एकदा तुटले की ते जोडण्याची विद्या अजून कोणाला साधलेली नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयात जगात पहिल्यांदा मृत माणसाचा पूर्ण डोळा जिवंत माणसाला बसवण्यात आला. तो माणूसही कामगारच. विजेच्या तारांवर काम करताना त्याचा चेहरा जळाला होता. शंभरावर डॉक्टर-नर्स लागले, डोळ्यात रक्त फिरू लागले, डोळा जिवंत राहिला. नजर मात्र आली नाही. न्यूयॉर्कला जे झाले नाही ते आपल्याकडच्या दवाखान्यात होणार नव्हते. कोणी एजंट ‘पूर्ण डोळा बदलून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मग आंधळ्या डोळ्याचे ऑपरेशन करायचे तरी कशाला? एक तर दुखणे थांबवायला. दुसरे कारण असे की जबर मार लागलेला डोळा कधी कधी चांगल्या डोळ्यालाही घेऊन बुडतो. ज्यांच्या लिपीमुळे आज जगभरचे अंध वाचतात ते लुई ब्रेल फ्रान्समधल्या एका खेड्यातले, १८०९ चा जन्म. वडील घोड्याचे चामडी साज बनवायचे. तीन वर्षांचा लुई बापाच्या दुकानात आरीने चामड्याला भोक पाडायला गेला आणि आरी डोळ्यात घुसली. त्यातून दुसरा डोळाही बिघडला आणि पाचव्या वर्षी तो पूर्ण अंध झाला. जखम झाल्यावर डॉक्टर चांगला डोळाही पुन्हा पुन्हा का तपासतात ते यावरून कळावे.

तिसरे कारण चेहऱ्याचे. ऑपरेशनमध्ये खराब डोळ्याच्या आतला भाग काढतात, कधी पूर्ण डोळा काढतात, आणि त्या जागी एक गोल गोळी ठेवून वरून टाके घालतात. ही गोळी बाहेरून दिसत नाही. तिच्यामुळे खोबण भरलेली राहते. सहा ते आठ आठवड्यांनी जखम भरली की पापण्यांच्या आत बसेल असा पातळ वाटीसारखा कृत्रिम डोळा तयार करतात. खोबणीचा साचा घ्यायचा, चांगल्या डोळ्याकडे बघून बुबुळाचा रंग भरायचा, पांढऱ्या भागावर बारीक लाल शिरा काढायच्या. हे कारागिराचे काम आहे. आपल्याकडे लोक याला काचेचा डोळा म्हणतात, कारण पूर्वी तो काचेचाच असे आणि जर्मनीत बनत असे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन काच मिळेना, तेव्हा अमेरिकेच्या सैन्यात दातांच्या कवळ्या बनवणाऱ्यांनी कवळीच्याच प्लास्टिकचा डोळा बनवला. म्हणजे बाईंनी दाताची जी उपमा दिली ती अगदीच चुकीची नव्हती. फक्त कवळीने चावता येते आणि या डोळ्याने बघता येत नाही.

मुलाला आम्ही बाजूला घेऊन विचारले, तुला काय हवे होते? तो म्हणाला, ‘दिसणार न्हाई हे मला म्हाईत होतं. मला फक्त लोकांनी तिकडं बघायचं थांबायला पायजे होतं.’ शाळेत त्याला काय नावाने हाक मारत ते त्याने सांगितले. ते नाव आम्ही इथे लिहीत नाही. दहावीच्या फॉर्मवरचा फोटो त्याने मान वळवून काढला होता. कामाच्या ठिकाणी जेवायला तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. आता समोर बसतो. आईला हे का सांगितले नाहीस? ‘आईला वाटतं दिसायला लागलं म्हणून मी खुश हाय. तिला कसं सांगू?’

पाच-सहा महिने हा मुलगा आईच्या समोर नजर आल्याचे नाटक करत होता आणि एके दिवशी ताट उजव्या बाजूने सरकवले तेव्हा त्याचा हात चुकला. पत्र त्यानंतरचे.

बोलता बोलता गल्लीतली आणखी माणसे जमली. डोळ्यांचा विषय निघाला की प्रत्येकाकडे काहीतरी असतेच. एक आजोबा आले. त्यांची खालची पापणी आत वळली होती आणि केस बुबुळाला टोचत. वर्षभर ते रोज आरसा घेऊन सुनेकडून चिमट्याने केस उपटून घेत. तालुक्यात शिबिर झाले, तिथून नेऊन पापणीचे छोटे ऑपरेशन केले. आजोबांना विचारले, समाधान आहे का? म्हणाले, ‘देवमाणूस डॉक्टर.’ दिसते का चांगले? ‘दिसतंय पहिल्यावानीच, पर टोचत न्हाई न्हवं!’ आजोबांना एकच गोष्ट हवी होती आणि तीच मिळाली. आमच्या पाहण्यात पापणीच्या ऑपरेशनची माणसे बहुधा अशीच खूश असतात, कारण तिथे डॉक्टर आणि रुग्ण एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात.

पण पापणीचेही सगळे सोपे नसते. कुष्ठरोगात काहींची पापणी मिटेनाशी होते आणि उघडा डोळा सुकून जातो. अशा माणसांच्या कानशिलावरचा चावण्याचा स्नायू पापणीला जोडण्याचे ऑपरेशन वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यात दात आवळले की पापणी मिटते. डॉक्टरांचे काम तिथे संपते. त्यानंतर रुग्णाने दिवसभर आठवणीने दात आवळायचे असतात. जो आवळतो त्याचा डोळा वाचतो. हे आधी सांगितले नाही तर माणूस म्हणणार, ऑपरेशन फुकट गेले.

गल्लीतल्या एका आक्कांची गोष्ट याहून अवघड आहे. भातकापणीत पात डोळ्याला लागली. दोन दिवस कोणीतरी सांगितलेला झाडपाल्याचा रस घातला, मग मेडिकलमधून मिळाले ते थेंब घातले आणि डोळ्यात फूल पडले. इथे थांबून एक गोष्ट सांगतो. भाताची पात, उसाचे पाचट, झाडाची काडी यांनी डोळ्याला जखम झाली की त्यात बुरशी शिरू शकते. अशा वेळी स्टेरॉइडचे थेंब म्हणजे आगीत रॉकेल. लाली दोन दिवस कमी होते आणि आत डोळा सडत जातो. कसलाही रस, मध, अंगावरचे दूध घालू नका. दुकानदाराला विचारून थेंब घेऊ नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आक्कांना पुढे नेत्रदानातून मिळालेला बुबुळावरचा पारदर्शक पडदा बसवला. त्याआधी त्यांना फक्त उजेड कळायचा. आता समोरच्याचा चेहरा ओळखतात, एस.टी.ची पाटी जवळ गेल्यावर वाचतात. डॉक्टरांच्या वहीत हे ऑपरेशन यशस्वी आहे. आक्का म्हणतात, ‘काय उपयोग? काजू निवडता येत न्हाई.’ अख्खा काजू, तुकडा, डाग पडलेला काजू असे वेगवेगळे करायचे काम त्या करत. त्यात मजुरी जास्त. ते गेले आणि त्या टरफल फोडण्यावर आल्या. एका डोळ्याने वाटी किती खोल आहे, सुईचे नेढे किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. बसवलेल्या पडद्याला टाके असतात, ते वर्षभर आणि कधी त्याहून जास्त काळ राहतात. टाक्यांनी पडदा थोडा वाकडा ताणला जातो, मग चष्मा लागतो, चष्म्याचा नंबरही बदलत राहतो. आक्कांना वाटले होते पट्टी सोडली की झाले. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या शेजारणीला दुसऱ्या दिवशी दिसू लागले होते, तिच्यावरून त्यांनी आपली अपेक्षा ठरवली. मोतीबिंदूचे माप या ऑपरेशनला लावू नये. इथे नजर महिन्या-महिन्याने येते आणि किती येईल ते आतला डोळा किती चांगला आहे त्यावर असते.

आम्ही त्यांना जगातल्या पहिल्या माणसाची गोष्ट सांगितली, ज्याला असा पडदा यशस्वीपणे बसला. डिसेंबर १९०५. युरोपात ओलोमोउत्स नावाच्या गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांच्याकडे एक शेतमजूर आला. चुन्याने त्याचे दोन्ही डोळे जळून पांढरे झाले होते. त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यात लोखंडाचे तुकडे घुसून तो डोळा काढावा लागला. डॉ. झिर्म यांनी त्या मुलाच्या डोळ्याचा पडदा मजुराच्या दोन्ही डोळ्यांना बसवला. एका डोळ्याचा टिकला नाही. दुसऱ्याचा टिकला, आणि तो मजूर पुन्हा शेतावर कामाला गेला. आक्का ऐकत होत्या. ‘म्हंजी त्याचाबी एकच लागला,’ एवढेच म्हणाल्या आणि पदराने बसवलेला डोळा पुसला. त्यांना आम्ही लगेच टोकले. असा डोळा चोळायचा नाही, पदराने पुसायचा नाही. लाल झाला, उजेड सहन होईना, अंधुक झाले किंवा दुखू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, मग ऑपरेशनला दोन वर्षे होऊन गेली असली तरी. शरीर परका पडदा नाकारू लागले तर ही लक्षणे असतात आणि वेळेत थेंब मिळाले तर पडदा पुष्कळदा वाचतो. आक्कांना थेंब किती दिवस घालायचे हे माहीत नव्हते. बाटली संपली तेव्हा त्यांनी बंद केले होते. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब. एका खेपेला एक दिवसाची मजुरी जाते आणि एस.टी.चे भाडे वेगळे. ऑपरेशन फुकट झाले म्हणून गरिबाला ते फुकट पडते असे नाही. वर्षभराच्या खेपा धरून हिशेब आधीच सांगायला हवा.

बौद्ध घरांत शिबि राजाची जातककथा अनेकांनी ऐकली असेल. राजा आपले डोळे एका आंधळ्या याचकाला दान देतो. दानाचा भाग सगळ्यांना आठवतो. आम्हाला त्या दिवशी त्यातला वैद्य आठवला. सीवक त्याचे नाव. राजाची आज्ञा असूनही तो डोळा एकदम काढत नाही. औषध लावतो, थांबतो, आणि सांगतो की महाराज, विचार करा, अजून डोळा पूर्ववत करता येईल. पुन्हा लावतो, पुन्हा थांबून तेच सांगतो. दर पायरीवर समोरच्याला काय होणार हे कळले आहे ना, याची तो खात्री करून घेतो. समोर राजा होता म्हणून वैद्य थांबला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे, काजू फोडणाऱ्या बाईसाठीही थांबावे.

आणि वैद्य थांबला नाही तर आपण त्याला थांबवावे. दवाखान्यात आपली माणसे मान हलवत राहतात. मोठ्या माणसाला प्रश्न विचारणे उद्धटपणा वाटतो, किंवा भीती वाटते की डॉक्टर रागावतील आणि नंबर मागे टाकतील. चौदा-पंधरा वर्षांच्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्या आणि प्रश्न घरूनच लिहून न्या. या ऑपरेशनने नजर येणार, की दुखणे थांबणार, की फक्त चेहरा नीट दिसणार? हा पहिला प्रश्न, आणि याचे उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नये. नजर येणार असेल तर किती? वाचता येईल, की रस्त्याने चालता येईल, की फक्त उजेड कळेल? आपले काम काय ते डॉक्टरांना सांगा. मी ऊस तोडतो, मी शिलाई करते, मी गाडी चालवतो. डोळा एकच असला तरी शिलाईवाल्याला लागणारी नजर आणि राखणदाराला लागणारी नजर सारखी नसते. नाही केले तर काय होईल, हेही विचारा. कधी कधी ‘काही होणार नाही’ असेही उत्तर येते आणि दागिने वाचतात.

पैशाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. डोळ्यांची काही ऑपरेशन्स तिच्या यादीत आहेत, सगळी नाहीत. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड दाखवून आपले ऑपरेशन यादीत आहे का ते आधी विचारा. चंदगडच्या लोकांना बेळगाव जवळ पडते, पण ते कर्नाटकात. तिथल्या दवाखान्यात आपले कार्ड चालेल का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या. बाईंनी यातले काही विचारले नव्हते, कारण असे काही असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक अपेक्षा त्या घरात होती. डोळा गेला म्हणजे अपंगाचा दाखला मिळेल, एस.टी.ची सवलत आणि नोकरीतली जागा मिळेल. दोन वर्षे त्यासाठी हेलपाटे घातले. सरकारी मोजणीत एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर अपंगत्व ३० टक्के धरतात. २०१६ च्या कायद्याप्रमाणे आरक्षण आणि इतर मोठे लाभ ४० टक्क्यांपासून पुढे. आम्हाला हे अन्यायाचे वाटते. एका डोळ्याच्या माणसाला यंत्रावर ठेवताना मालक मात्र टक्के मोजत नाही. पण नियम असा आहे, तेव्हा दाखला मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका.

संध्याकाळी मुलाने आम्हाला डोळा कसा धुतो ते दाखवले. हात साबणाने धुतले, खालची पापणी ओढली, वाटी अलगद बाहेर आली, उकळून गार केलेल्या पाण्यात धुतली, पुन्हा बसवली. आई दाराच्या चौकटीशी उभी होती. तिने हे पहिल्यांदाच पाहिले. आजवर तो दार लावून धूत असे. तिने विचारले, ‘दुखत न्हाई?’ तो म्हणाला, ‘न्हाई. पाणी येतं तेवढं, सकाळी घाण चिकटते.’ हे त्याचे एकट्याचे नाही. न्यूझीलंडमध्ये कृत्रिम डोळा वापरणाऱ्या लोकांना विचारून एक पाहणी झाली होती. डोळा गेला तेव्हा त्यांना सर्वांत जास्त चिंता उरलेल्या डोळ्याची होती. काही वर्षे गेल्यावरही ती चिंता होतीच, आणि तिच्यामागोमाग पाणी येण्याची आणि घाण चिकटण्याची तक्रार होती. तिथेही तेच, चंदगडातही तेच. फार वेळा काढू-घालू नये, डॉक्टरांनी सांगितले तेवढ्याच वेळा धुवावा, वर्षातून एकदा पॉलिश करून घ्यावा. काही वर्षांनी माप बदलते, तेव्हा नवा लागतो. महिनोन्‌महिने काढून ठेवला तर खोबण आकसते आणि मग तो बसत नाही. लहान मुलांना तर वाढत्या वयाप्रमाणे पुन्हा पुन्हा नवा करावा लागतो.

उरलेल्या डोळ्याची चिंता आम्हालाही वाटली. शिनोळीला तो ग्राइंडरजवळ उभा राहतो. चष्मा लावतोस का? ‘कंपनी देते, पर घाम येतो.’ आम्ही त्याला जरा रागावूनच बोललो. ज्याला एकच डोळा आहे त्याने नंबर नसला तरी न फुटणाऱ्या काचेचा चष्मा जागेपणी सतत लावायचा. कामावर, सायकलवर, लाकूड फोडताना, भात झोडताना. त्याच्या बहिणीने, म्हणजे ज्या मुलीने पत्र लिहिले तिने, हे वहीत टिपून घेतले आणि खाली दोनदा रेघ मारली.

आक्कांना पडदा मिळाला तो कोणीतरी मरणानंतर दिला म्हणून. शेजारच्या गडहिंग्लज तालुक्यात अत्याळ गावाने नेत्रदानाची चळवळ उभी केली आणि ती आजूबाजूच्या गावांत गेली आहे. बौद्ध देशांत श्रीलंकेचे उदाहरण मोठे आहे. डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ मध्ये तिथे नेत्रदान संस्था काढली, १९६४ मध्ये पहिले डोळे सिंगापूरला पाठवले, आणि मग त्या लहानशा बेटावरून कितीतरी देशांतल्या आंधळ्यांना नजर गेली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवावे लागते. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. पंधरा-वीस मिनिटांचे काम. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असलेल्याचे, मोतीबिंदू काढलेल्याचे, साखरेचा आजार असलेल्याचेही डोळे चालतात. आजोबांनी विचारले, ‘माझी पापणी शिवलेली हाय, चालतंय का?’ पापणीच्या टाक्यांनी काही अडत नाही, असे सांगितले तेव्हा ते फार खूश झाले. २५ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत दरवर्षी नेत्रदान पंधरवडा असतो, तेव्हा विहारात फॉर्म आणून ठेवायचे त्या गल्लीत ठरले आहे.

निघताना बाई रस्त्यापर्यंत आल्या. आम्ही विचारले, तक्रारीचे काय करायचे? त्या म्हणाल्या, ‘डॉक्टरची तक्रार न्हाई. पर मला आधी कळलं असतं तर...’ तर फुले मोडली नसती का? त्यांनी जरा विचार केला. ‘मोडली असती. त्याच्या तोंडाकडं बघून मोडली असती. पर सहा महिने पोराला खोटं वागायला लागलं नसतं.’

दवाखान्याला आम्ही पत्र लिहिले आहे. तक्रार म्हणून नव्हे. संमतीचा कागद मराठीत छापावा आणि रुग्णाला काय समजले ते त्याच्या शब्दांत लिहून घेण्यासाठी त्यावर दोन रिकाम्या ओळी ठेवाव्यात, एवढी मागणी केली आहे. उत्तर आले की याच सदरात छापू.

वाचकांना विनंती : पत्रासोबत दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स पाठवावी. मूळ कागद पाठवू नयेत, ते पुढच्या तपासणीला लागतात. चंदगडच्या मुलाची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. आईने विचारायचे प्रश्न बहिणीने आजच लिहून ठेवले आहेत, अकरा झाले आहेत.